शेवटचं बटण

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे. नाव ऐकून लोकांना नोकरीधंद्याचं काहीतरी वाटतं. पण आमच्या शास्त्रात माणूस दिवसभरात जे जे करतो, तो सगळा व्यवसायच. आंघोळ, जेवण, वेणीफणी, खेळसुद्धा. आपल्या देशात याचं शिक्षण देणारी पहिली शाळा १९५० साली मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयात, कमलाबाई निंबकरांच्या प्रयत्नांनी सुरू झाली.

माझ्याकडे दर शनिवारी सहा मुलांचा गट असतो. कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणी स्वमग्न, कुणाच्या बोटांत नुसता जोर कमी. सतरंजीवर गोल बसतात आणि शर्टाची बटणं लावायला शिकतात.

आपण न बघता बटण लावतो, म्हणून ते सोपं वाटतं. काज शोधायचं, एका हातानं कड धरायची, दुसऱ्यानं बटण आडवं करून आत सारायचं, मग पलीकडून चिमटीत पकडून ओढायचं. आम्ही हे शेवटाकडून शिकवतो. बटण काजात अर्धं घालून देतो, मुलानं फक्त ओढायचं. ते अंगवळणी पडलं की आदली पायरीही त्याची. अशानं काम पुरं केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो.

मग गट कशाला? गटातल्या एका मुलीचा उजवा हात दुबळा आहे. शर्ट घालताना ती आधी तो हात बाहीत सरकवते, काढताना तोच शेवटी काढते. तिच्याशेजारी बसणारा मुलगा दोन महिने माझ्या हातांकडे बघायलाही तयार नव्हता. तिच्या हातांकडे मात्र टक लावून बघायचा. एका शनिवारी त्यानं स्वतःहून बाही ओढली. मोठ्या माणसाला जमतं यात मुलाला नवल नसतं. आपल्याएवढ्या, आपल्यासारख्याच अडखळणाऱ्या कुणाला जमलं, की ते त्याला आपलंसं वाटतं. शिवाय पाळी येईपर्यंत थांबणंही तिथेच शिकता येतं.

शेवटी खाऊ. सुरुवात शिऱ्यानं, कारण तो चमच्याला धरून राहतो. पोहे सांडतात, ते पुढे. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला आणि ताटलीखाली ओलं फडकं ठेवलं, की निम्मी लढाई संपते.

अडतं ते घरी. सकाळी रिक्षा दारात उभी, आणि आई घाईघाईनं मुलाचं सगळं उरकते. तिला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्यापाशी वेळच नसतो. म्हणून मी एवढंच मागते. उद्या सकाळी वरची सगळी बटणं तुम्ही लावा. सगळ्यांत खालचं, त्याला मान वाकवून दिसतं ते, अर्धं काजात घालून सोडून द्या. आणि तो ओढेपर्यंत रिक्षावाल्या काकांना मिनिटभर थांबायला सांगा.