उंचीचं गणित आणि भिंतीवरची खूण



आईबाबांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. हे गणित आता बऱ्याच घरांत पाठ आहे. बाबा १७० सेंटीमीटर, आई १५५, म्हणजे मुलगा १६९. झालं, सगळे निश्चिंत! अहो, पण त्या १६९च्या खाली-वर आठ-आठ सेंटीमीटर धरायचे असतात. १६१ही ठीक आणि १७७ही ठीक.

आईबाबांची उंची म्हणजे विरजण. विरजण चांगलं असलं तरी दूध हवं, ऊब हवी. पुण्याच्या डिसेंबरात पातेलं उघड्यावर ठेवलं, तर दही लागतं का? तसंच पोटभर सकस जेवण, पुरेशी झोप आणि धड तब्येत नसेल, तर वाढ अडते. आणि दही लागलंय की नाही, हे झाकण काढून बघावंच लागतं.

म्हणून सांगतो, दर सहा महिन्यांनी उंची मोजा. चपला काढून, वेणी-अंबाडा सोडून, टाचा भिंतीला टेकवून उभं करा. डोक्यावर पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख घाला. आकडा वहीतही उतरवा. दिवाळीला रंग काढला की भिंतीवरची खूण जाते.

चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं. चारच वाढलं, तर 'आमच्याकडे सगळे बुटकेच' म्हणून गप्प बसू नका. थायरॉइड असेल, गहू न सोसण्याचा सीलिॲक आजार असेल. वेळेवर कळलं तर उपाय आहेत. आपल्या पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकरांच्या पुढाकाराने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे तक्ते आले. बालरोगतज्ज्ञांना तो तक्ता दाखवायला सांगा.

मुलींच्या बाबतीत तर उशीर नकोच. पाळी सुरू झाल्यावर बहुधा पाच-सात सेंटीमीटरच वाढ उरते. आणि मुलगा असो की मुलगी, उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. 

पुन्हा सांगतो, गणित एकदा करा, मोजणी मात्र दर सहा महिन्यांनी. पहिली खूण आजच करा.