पाळीचं रक्त आणि न केलेली तपासणी



‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असं म्हणून अंगावरून जास्त जाणं आपण सोसत आलो. काही जणींच्या बाबतीत त्याचं कारण गर्भाशयात नसतं, रक्तात असतं. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन कमी पडतं.

१९२४ साली फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची ५ वर्षांची मुलगी डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांनी तपासली. १९२६ साली त्यांनी हा आनुवंशिक आजार नोंदवला. ती मुलगी १३व्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. आजाराला आणि प्रथिनाला नाव मिळालं ते डॉक्टरांचं.

तपासणी अशी असते. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीत घेतात, यंत्रात फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा करतात. त्यात हे प्रथिन किती आहे आणि काम किती करतं, दोन्ही मोजतात. सोबत फॅक्टर ८. नेहमीच्या पीटी, एपीटीटी तपासण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार असू शकतो. गरोदरपणात आणि ताणामुळे प्रथिन वाढतं, म्हणून तपासणी पुन्हाही करावी लागते.

आजार कळला तर औषधं आहेत. न कळता ऑपरेशन केलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं की आधी विचारा: माझं रक्त तपासलंत का? घोळणा फुटतो का, दात काढल्यावर रक्त थांबलं होतं का, आईला-बहिणीला असंच होतं का, हेही सांगा.

हा प्रश्न विचारणं आपला हक्क आहे.