बटाटा : काढणीच्या अलीकडे आणि पलीकडे



दिवाळीच्या सुमारास परसात, मळ्याच्या कडेला किंवा गच्चीवरच्या गोणीत ज्यांनी बटाटे लावले, त्यांची झाडं आता पिवळी पडू लागली असतील. खालची पानं वाळली, वरंब्याला भेगा गेल्या, त्या भेगेतून एखादा कंद दिसू लागला, की हात शिवशिवतात. कुदळ घ्यावी आणि एक वरंबा तरी उकरून पाहावा असं वाटतं. माझी विनंती अशी, की कुदळ आणखी वीसेक दिवस कोपऱ्यातच राहू द्या. आणि बटाटे काढून झाले की पुन्हा दहा-पंधरा दिवस थांबा, लगेच गोणीत भरू नका. घरचे बटाटे चैत्र-वैशाखापर्यंत टिकणार की होळी होते न होते तोच सडणार, हे बहुतेक या दोन थांब्यांवर ठरतं.

पहिला थांबा पाल्याचा. कोवळ्या बटाट्याची साल इतकी नाजूक असते, की नुसतं अंगठ्यानं चोळलं तरी ती सोलून निघते. असा बटाटा त्या दिवशी भाजीला उत्तम. साठवणीला अगदीच निकामी. त्याच्या अंगातलं पाणी भराभर उडतं आणि रोगजंतूंना वाट मोकळी मिळते. म्हणून आधी पाणी तोडायचं. आठ-दहा दिवसांत माती सुकते. मग धारदार विळ्यानं पाला जमिनीलगत कापून घ्यायचा. तो उपटायचा नाही, उपटला तर खालचे कंद वर येऊन उघडे पडतात. पाला गेल्यावर कंदाची वाढ थांबते आणि सगळा जोर साल पक्की होण्याकडे लागतो. दहा-बारा दिवसांनी एक बटाटा काढून पाहा. अंगठा दाबून घासल्यावर साल हलली नाही, तर काढणीची वेळ झाली. मात्र त्यापुढे रेंगाळू नका. फाल्गुनात ऊन चढतं. मातीचं तापमान ३० अंशांच्या वर गेलं, की जमिनीतच कंद सडू लागतात.

काढणी सकाळी लवकर, माती कोरडी असताना करावी. कुदळ खोडाच्या जवळ न मारता वरंब्याच्या बाजूनं, हातभर लांबून घालावी आणि माती उलथून कंद हातानं वेचावेत. घमेल्यात वरून टाकू नयेत. आदळलेल्या बटाट्याला बाहेरून काही दिसत नाही, पण पंधरा दिवसांनी कापला की आत काळसर डाग निघतो. बटाटे धुवायचे तर मुळीच नाहीत. साल ओली राहिली की सड लागायला वेळ लागत नाही. अंगाची माती वाळली की हलक्या हातानं झटकली, एवढंच पुरे.

वेचलेले बटाटे उन्हात पसरून ठेवण्याची चूक फार ठिकाणी दिसते. उन्हानं ते तापतात आणि हिरवे पडतात. हा हिरवा रंग निव्वळ हरितद्रव्याचा, त्यानं अपाय नाही. पण त्याच उजेडात सोलानिन नावाचं कडू, विषारी द्रव्यही सालीखाली वाढतं. थोडा हिरवा भाग असेल तर जाड काढून टाकावा. बटाटा बराच हिरवा असेल किंवा चवीला कडू लागला तर तो सरळ टाकून द्यावा. उकडून वा तळून ते विष जात नाही.

दुसरा शत्रू संध्याकाळी येतो. बटाट्याची पाकोळी, करड्या रंगाचा बोटाच्या पेराहून लहान पतंग. १९०६ साली इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ही कीड मुंबई इलाख्यात शिरली आणि इथलीच होऊन बसली. दिवेलागणीनंतर ती उघड्या कंदांच्या डोळ्यांपाशी अंडी घालते, अळी आत शिरून बोगदे करते, आणि डोळ्याजवळ काळ्या विष्ठेचा बारीक चुरा दिसेपर्यंत आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून काढलेला माल रात्री शेतात उघडा ठेवू नये. आणि ढिगावर कापलेला बटाट्याचाच पाला झाकू नये. सोयीचा वाटतो खरा, पण त्या पाल्यातल्या अळ्या पाला सुकला की खाली बटाट्यात उतरतात. झाकायला काड, पाचट किंवा गोणपाट घ्यावं. बांधावर माजलेली घाणेरी इथं उपयोगी पडते. तिची वाळवलेली पानं बटाट्यांच्या खाली आणि वर दोन बोटं जाडीनं पसरली, तर पाकोळी बरीच दूर राहते. एरवी ज्या झुडपाला आपण शिव्या देतो, त्याचा इतका स्वस्त उपयोग दुसरा नसेल.

आता दुसरा थांबा. काढलेले बटाटे सावलीत, हवेशीर पण अंधाऱ्या जागी पातळ थर करून दहा ते पंधरा दिवस राहू द्यायचे. काढताना कुठंतरी खरचटतंच; या दिवसांत त्या जागी खपली धरावी तसा नवा पापुद्रा तयार होतो. तो धरला की जखमेतून पाणी उडत नाही, बुरशी शिरत नाही. त्यानंतर एकेक बटाटा हातात घेऊन निवड करावी. कुदळ लागलेले, मऊ पडलेले, भोकं असलेले वेगळे काढावेत. एक सडका बटाटा पाटीभर नासवतो, हे कुणाला सांगायला नको.

पुणे जिल्ह्यात मंचर-खेड भागातले शेतकरी साठवणीसाठी पूर्वापार 'अरण' लावत आले आहेत. झाडाच्या दाट सावलीत बटाट्यांचा ढीग घालायचा आणि वर काडाचं जाड आच्छादन द्यायचं. वीज नाही, यंत्र नाही. बटाटा काढल्यावरही श्वास घेतो, उष्णता टाकतो. ती बाहेर पडावी म्हणून ढीग फार उंच करायचा नसतो. हवा कोंडली तर मधल्या बटाट्यांचा गाभा काळा पडतो. घरातली साठवण याच तत्त्वावर करावी. बांबूची पाटी किंवा तागाची गोणी, ती घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, खाली दोन विटा किंवा फळी. प्लॅस्टिकची पिशवी नको, तिच्यात बटाट्यांना घाम सुटतो. कांद्यांशेजारीही नको, कांद्याला खडखडीत कोरडी हवा लागते, बटाट्याला थोडा ओलावा सोसतो, नव्हे लागतोच. दर आठ-दहा दिवसांनी पाटी चाळावी.

फ्रिजबद्दल पुष्कळजणी विचारतात. त्या थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. भाजी गोडसर लागते आणि काप तळले की तपकिरी होतात. वेफर्ससाठीचा बटाटा म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात. बेण्याच्या शीतगृहात तापमान २ ते ४ अंश असतं. ते घरच्या खाण्याच्या बटाट्याला चालणार नाही.

निवडून बाजूला काढलेल्यांपैकी सडके आणि अळी लागलेले फेकावे लागतील. पण नुसते कापले गेलेले किंवा अगदी बारीक राहिलेले वाया घालवू नका. फाल्गुन-चैत्राचं ऊन वाळवणासाठीच आहे. सोलून, तुरटीच्या पाण्यात किसून, निथळून, वाफवून कडक वाळवलेला कीस उपासाला वर्षभर पुरतो. ताज्या काढलेल्या बटाट्यात साखर कमी असते, त्यामुळं हा कीस तळल्यावर पांढराशुभ्र राहतो. हे काम निवडीनंतर आठवड्याभरातच उरकावं.

आपल्या उन्हाळ्यात बटाट्याची झोप दोन-अडीच महिन्यांत मोडते. मेच्या सुमारास कोंब दिसू लागले, की ते खुडून बटाटा लवकर संपवावा. उरलेल्यांचंच बेणं धरावं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. आपल्या हवेत मावा विषाणूरोग पसरवतो, झाड वरून हिरवंगार दिसलं तरी रोग कंदात उतरतो आणि पुढच्या पिकाचं उत्पन्न घटतं. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बटाटा पिकवतात, तेसुद्धा बेणं पंजाबातून आलेलं घेतात. शिवाय फेब्रुवारीत काढलेला बटाटा घरातल्या उष्म्यात ऑक्टोबरपर्यंत धड राहतच नाही. जूनमध्ये कोंब आलेले चार बटाटे गोणीत लावून पाहायला हरकत नाही. पुढच्या दिवाळीच्या लागवडीला मात्र प्रमाणित बेणं विकत आणा, शक्यतो ४० ते ५० ग्रॅम वजनाचं, म्हणजे ते न कापता अखंड लावता येईल.