सैन्याच्या बदल्यात साहाय्य : सेऊल आणि वॉशिंग्टन, 1964 ते 1973

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेखालोखाल सर्वांत मोठे परदेशी सैन्य दक्षिण कोरियाने उतरवले. तीन लाखांहून अधिक कोरियन सैनिक तेथे आळीपाळीने जाऊन आले, त्यांतले सुमारे 5,000 प्राणाला मुकले. ऐन भरात ही फौज 50,000 च्या घरात होती. साम्यवादाचा प्रतिकार आणि कोरियन युद्धातल्या मदतीची परतफेड, अशी कारणे दोन्ही सरकारांनी जाहीरपणे सांगितली. ती खोटी नव्हती, पण अपुरी होती.

पुढाकार सेऊलचा होता. मे 1961 मध्ये लष्करी उठावाने सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष केनेडींपुढे सैन्य देण्याची तयारी दाखवली. तेव्हा अमेरिकेला त्याची गरज वाटली नाही. पार्क यांचे गणित मात्र सरळ होते. अमेरिकेची मदत आटत चालली होती आणि कोरियातली अमेरिकी फौज कमी करण्याचा विचार वॉशिंग्टनमध्ये वारंवार डोके वर काढत होता. कोरियन सैनिक व्हिएतनामात असतील, तर सेऊलच्या उत्तरेला उभे असलेले अमेरिकी सैनिक सहजासहजी हलवता येणार नाहीत.

1964 मध्ये केनेडींनंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांना मित्रराष्ट्रांचे झेंडे व्हिएतनामात दिसायला हवे होते. ब्रिटनने सैन्य दिले नाही. कोरियाने सप्टेंबरात फिरते रुग्णालय आणि तायक्वांदोचे 10 प्रशिक्षक पाठवले, 1965 च्या आरंभी सुमारे 2,000 जणांचे बांधकाम पथक आणि ऑक्टोबरात ‘टायगर’ डिव्हिजन व नौसैनिकांची ‘ब्लू ड्रॅगन’ ब्रिगेड. प्रत्येक पायरीला मागणी वाढली, तशी किंमतही वाढली.

दुसऱ्या डिव्हिजनच्या वेळी ही किंमत कागदावर आली. 4 मार्च 1966 रोजी अमेरिकेचे राजदूत विन्थ्रॉप ब्राउन यांनी परराष्ट्रमंत्री ली डोंग-वन यांना एक पत्र दिले. कोरियन लष्कराचे आधुनिकीकरण, व्हिएतनामसाठी लागणाऱ्या मालाची कोरियात खरेदी, कोरियन कंत्राटदारांना तिथली कामे, वाढीव विकासकर्ज आणि सैनिकांचे परदेशी भत्ते अमेरिकेच्या तिजोरीतून, अशी आश्वासने त्यात होती. एक कलम विशेष लक्षात ठेवावे असे आहे : मृत्यू आणि अपंगत्वाची भरपाई आधी ठरलेल्या दराच्या दुप्पट. जिवाचा दरही याच वाटाघाटीत ठरत होता. हा व्यवहार तहाच्या रूपात नव्हता, राजदूताच्या पत्राच्या रूपात होता. त्यामुळे सिनेटच्या मंजुरीचा प्रश्नच आला नाही.

त्या शरद ऋतूत ‘व्हाइट हॉर्स’ डिव्हिजन रवाना झाली. पत्रातून वाहिलेला पैसा खरा होता. कोरियाच्या हानजिन कंपनीने व्हिएतनामातल्या क्वी न्योन बंदरावर माल हाताळण्याची आणि वाहतुकीची कंत्राटे मिळवली. सैनिकांच्या भत्त्यांचा मोठा भाग मायदेशी गेला आणि त्यावर अनेक घरे उभी राहिली. वाटाघाटी किती बारीक तपशिलात शिरत, याचा एक दाखला पुरेसा आहे. मार्च 1967 मध्ये पंतप्रधान चुंग इल-क्वॉन वॉशिंग्टनला गेले, तेव्हा जॉन्सन यांच्याशी झालेल्या बोलण्यात सैनिकांना डबाबंद किमची पुरवण्याचा विषय निघाला. परमुलखात लढणाऱ्याला घरची चव मिळावी ही मागणी रास्तच होती, शिवाय डबे कोरियात भरले तर डॉलरही कोरियातच येणार होते.

पडद्याआडची हीच पद्धत 1968 मध्ये सेऊलच्या अंगावर आली. 21 जानेवारीला उत्तर कोरियाचे कमांडो पार्क यांच्या निवासस्थानापासून हाकेच्या अंतरावर पोहोचले. दोनच दिवसांनी ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी जहाज उत्तर कोरियाने पकडले. खलाशांच्या सुटकेसाठी अमेरिकेने पानमुन्जोम येथे उत्तर कोरियाशी बंद दाराआड बोलणी सुरू केली आणि दक्षिण कोरियाला बाहेर ठेवले. ज्यांचे हजारो जवान अमेरिकेच्या शब्दावर परदेशात लढत होते, त्यांना हा घाव खोल लागला. पार्क यांची समजूत घालण्यासाठी फेब्रुवारीत जॉन्सन यांचे दूत सायरस व्हान्स सेऊलला गेले. 10 कोटी डॉलरची जादा लष्करी मदत पुढे करण्यात आली, पण व्हिएतनामसाठी आणखी एक डिव्हिजन देण्याचा विषय त्यानंतर मागे पडला.

1970 मध्ये सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांच्या उपसमितीने साक्षी घेतल्या, तेव्हा अमेरिकी करदात्यांसमोर या व्यवहाराचा सविस्तर हिशेब आला. दोन लोकशाही संस्थांची, अमेरिकी काँग्रेसची आणि कोरियन विधिमंडळाची, खरी हानी येथे दिसते. सैन्य पाठवण्याचा ठराव सेऊलमध्ये ऑगस्ट 1965 मध्ये संमत झाला तो विरोधी पक्षाच्या गैरहजेरीत, आणि वॉशिंग्टनमध्ये पैशाला मंजुरी देणाऱ्यांनाच पैशाची वाट नीट ठाऊक नव्हती.

पार्क यांना जी हमी सर्वांत मोलाची वाटत होती, ती अखेर टिकली नाही. जॉन्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांनी कोरियातली अमेरिकेची सातवी डिव्हिजन, सुमारे 20,000 सैनिक, 1971 मध्ये मागे घेतली. भरपाई म्हणून आधुनिकीकरणाचा दीड अब्ज डॉलरचा कार्यक्रम देऊ करण्यात आला. त्या वेळीही कोरियाच्या दोन डिव्हिजन व्हिएतनामात होत्या. त्यांतले शेवटचे सैनिक मार्च 1973 मध्ये परतले.