दुष्टपणा रक्तात असतो काय?

काउंट ड्रॅक्युला हे नाव ठाऊक नाही असा वाचक आज विरळाच. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची ही कादंबरी १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. ट्रान्सिल्व्हानियाच्या डोंगरांतील पडक्या गढीत राहणारा, माणसांचे रक्त पिऊन शतकानुशतके जगणारा हा सरदार पुढे रंगभूमीवर आला, १९३१ साली बोलपटात आला आणि जगभर पसरला. रक्त पिणारी भुते बहुतेक देशांच्या लोककथांत आढळतात. स्टोकरच्या सरदाराला जे निराळेपण आले ते मात्र भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा त्या काळच्या शास्त्रीय समजुतींमुळे. त्याच समजुतींनी आपल्या देशातही काही घडविले. त्याचा आज थोडा विचार करू.

डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ १८५९ साली आला आणि मनुष्याच्या उत्पत्तीविषयीचा १८७१ साली. मनुष्य खालच्या जीवांपासून वर चढत आला, हे एकदा मानल्यावर दुसरी शंका मनात येणारच. जो चढला तो घसरणार नाही कशावरून? १८८० साली रे लँकेस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने या घसरणीवर एक छोटे पुस्तकच लिहिले. समुद्रातील एक जीव बाल्यावस्थेत मोकळा पोहतो, त्याला डोळा व मेंदू असतो. मोठेपणी तो खडकाला चिकटतो आणि ही इंद्रिये गमावून बसतो. माणसाचेही असेच होणार नाही ना, या धास्तीने त्या काळच्या सुशिक्षितांना ग्रासले होते.

इटलीतील वैद्य चेझारे लोंब्रोसो याने या धास्तीला चेहरा दिला. एका डाकूच्या कवटीत मागील बाजूस त्याला एक खळगा आढळला. असा खळगा खालच्या प्राण्यांत असतो. तेव्हा गुन्हेगार म्हणजे सुधारलेल्या समाजात चुकून जन्मलेला आदिमानव, असे अनुमान त्याने काढले. १८७६ साली त्याने ते ग्रंथरूपाने मांडले. जन्मजात गुन्हेगार म्हणे नाकाडोळ्यांवरून ओळखता येतो: ससाण्याच्या चोचीसारखे नाक, एकमेकांना भिडलेल्या दाट भुवया, टोकदार कान.

आता ड्रॅक्युलाचे वर्णन पाहा. बाकदार नाक आहे, नाकावर जुळलेल्या दाट भुवया आहेत, वरून टोकदार झालेले कान आहेत, ओठांबाहेर डोकावणारे अणकुचीदार दात आहेत. तळहातांच्या मध्यभागी केससुद्धा आहेत. हे साम्य योगायोगाचे नाही. कादंबरीतील मीना ही तरुणी लोंब्रोसोचे नाव घेऊनच या सरदाराला गुन्हेगारांच्या वर्गात बसविते, आणि प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग त्याचा मेंदू पुरता वाढलेला नाही, तो बालमेंदू आहे, असे सांगतो. जुन्या कथांतला सैतान फार बुद्धिमान असे. त्याचा दुष्टपणा त्याच्या इच्छेचा होता. या नव्या खलनायकाचा दुष्टपणा त्याच्या हाडात आहे. इच्छेचे पाप पश्चात्तापाने धुता येते. पण हाडातले पाप धुणार कसे?

येथे आपल्या बडोद्याचा एक धागा या कथेशी जुळतो. पुढे प्रवासी व भाषापंडित म्हणून गाजलेला रिचर्ड बर्टन १८४२ साली हिंदुस्थानात आला, तो बडोद्याच्या छावणीतील पलटणीत रुजू झाला. आम्ही राहतो त्या कारेलीबागेपासून फत्तेगंजची ही जुनी छावणी फार लांब नाही. येथे तो गुजराती शिकला. याच बर्टनने १८७० साली आपल्या वेताळाच्या गोष्टी इंग्रजी वाचकांना आपल्या ढंगात सांगितल्या. १८७८ साली त्याची व स्टोकरची ओळख झाली, आणि पुढे भोजनाच्या निमित्ताने त्यांच्या गाठी पडल्या. बोलता बोलता बर्टनचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा चमके, हे स्टोकरच्या मनात इतके ठसले की १९०६ सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ते आवर्जून लिहून ठेवले.

डार्विनने १८७२ साली मुद्रेवरील भावांविषयी लिहिताना, तुच्छतेने ओठ उचलून सुळा दाखविण्याची आपली लकब ही पशुपूर्वजांकडून आली असावी, असे म्हटले होते. अर्थात हा वारसा सर्व मानवजातीचा आहे. परंतु बर्टनच्या मुखातला सुळा स्टोकरला मर्दानी जिद्दीची खूण वाटला, आणि पूर्वेकडून आलेल्या उमरावाच्या मुखातला सुळा कादंबरीत पशुत्वाची खूण ठरला. दोघांचेही दात सारखेच. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी वेगळी.

बर्टनने ज्या गोष्टी इंग्रजीत नेल्या त्यांत याच दृष्टीला उत्तर होते. वेताळपंचविशीचा शेवट आठवावा. प्रेतात शिरून झाडाला लोंबकळणारा वेताळ दिसायला भयंकर. पण राजा विक्रमाला सावध करून त्याचे प्राण वाचवितो तो हाच. राजाचा बळी देऊ पाहणारा खरा दुष्ट म्हणजे तो जोगी, ज्याच्या सात्त्विक वेषावर राजाने विश्वास टाकलेला असतो. रूप पाहून मनुष्य ओळखू नये, हेच आपल्या आजीबाई शतकानुशतके या गोष्टीतून सांगत आल्या.

राज्यकर्त्यांनी मात्र वेगळाच धडा गिरविला. डार्विनचा मनुष्योत्पत्तीवरील ग्रंथ निघाला त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार, हा त्यामागील तर्क. लोंब्रोसोचा ग्रंथ तेव्हा निघावयाचा होता. म्हणजे कायदा त्याच्याकडून आला असे नव्हे. पण गुन्हा हा कृत्यात नसून जन्मात असतो, ही समजूत दोघांच्याही मुळाशी होती. कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने सर्व ब्रिटिश हिंदुस्थान त्याखाली आला. नोंदलेल्या जमातींच्या माणसांनी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, असे निर्बंध आले. सोलापुरास कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तेथील माणसे गिरण्यांत राबत आणि कुंपणात परतत. ‘सेटलमेंट’ हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यात अजूनही आहे. कादंबरीतला राक्षस कल्पित होता. ही जिवंत, लेकुरवाळी माणसे होती. त्यांनी काय सोसले हे समजून घ्यायचे असेल त्याने लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले ‘उचल्या’ अवश्य वाचावे.

विज्ञानाने आपली चूक पुढे स्वतःच दुरुस्त केली. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या वैद्याने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली, ती इतर लोकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि शरीरावरून ओळखू येणारा निराळा गुन्हेगार असा कोणी नाही, हे १९१३ साली दाखवून दिले. तरी आपला कायदा जाण्यास पुढे जवळजवळ चार दशके लागली. मुंबई राज्यात तो १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला.

कायदा गेला तरी संशयाची नजर गेली नाही. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा तरुण पोलीस कोठडीत मरण पावला. तो अशाच एका जमातीचा होता. त्याची हकीकत महाश्वेतादेवींनी त्याच वर्षी बडोद्यात येऊन सांगितली. त्यानंतर गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी या जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभारली. अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनवर नाटक बसविले आणि ‘बुधन थिएटर’ जन्मास आले. ज्यांना खलनायकाची भूमिका जन्मतः दिली गेली होती, ते आता आपली कथा स्वतः सांगू लागले.

श्रोतेहो, ‘ड्रॅक्युला’ टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. तिच्यातच तिचे उत्तर दडलेले आहे. पवित्र प्रसादाच्या स्पर्शाने डाग उमटतो तो निर्दोष मीनेच्या कपाळावर. तो डाग पाहून जो तिला दोषी ठरवील तो अन्याय करील, हे प्रत्येक वाचकाला कळते. आणि अखेरच्या क्षणी त्या सरदाराच्या मुद्रेवरही शांती पसरलेली मीनेला दिसते. आम्हा ख्रिस्ती माणसांना त्या शांतीचा अर्थ सांगावा लागत नाही. लेखकाने हाडात कोंडलेले पाप शेवटी त्यालाच तेथे ठेववले नाही.

मी शिक्षक आहे. वर्गात एखादी वस्तू हरवली की मुलांच्या नजरा आपोआप एखाद्याच बाकाकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या बाकावरच्या मुलाचे आडनाव, वस्ती, कपडे यांखेरीज त्याच्याविरुद्ध कसलाही पुरावा नसतो. अशा वेळी मुलांच्या आधी आपली, मोठ्या माणसांची नजर कोठे वळते, इतके जरी आपण तपासून पाहिले, तरी पुष्कळ साधेल.