हलकी सायकल आणि खोडदची दुर्बीण



पुणें-नाशिक रस्त्यानें जाणारा प्रवासी मंचर मागें टाकून नारायणगांवाच्या आसपास आला, कीं शेतांच्या पलीकडे त्याला एक अपरिचित वस्तु दिसते. आकाशाकडे तोंड करून ठेवलेली एक अवाढव्य कढई, आणि तीहि पत्र्याची नव्हे, जाळीची! जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील रेडिओ-दुर्बिणीची ती एक ताटली होय. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० ताटल्या या टापूंत पसरलेल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून त्या उभ्या राहिल्या आणि २००२ सालापासून जगांतील खगोलशास्त्रज्ञांना त्या खुल्या आहेत.

या ताटल्या अखंड पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा दाब सोसण्यासाठीं त्यांना प्रचंड लोखंड लागलें असतें, आणि तितका पैसा आपल्या देशाजवळ नव्हता. म्हणून तारेचे दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसविली. वारा जाळींतून निघून जातो. लांब लहरींच्या रेडिओ-किरणांना मात्र ती जाळी अखंड पृष्ठासारखीच भासते. त्यांतहि मध्यभागीं जाळीचे घर १० मिलिमीटरचें, त्याबाहेर १५ चें आणि कडेला २० चें. जेथें जितकें हवें तेथें तितकेंच! हलकेपणा आणि काटकसर या दोन गोष्टी एकाच विचारांतून कशा निघतात, याचें याहून चांगलें उदाहरण शोधण्यास जुन्नर-आंबेगांवच्या रहिवाशाला दूर जावयास नको.

आजचा विषय याच विचाराचा लहानसा प्रयोग आहे. बेताच्या पैशांत टिटॅनियम धातूची, आपल्या मापाची, हलकी आणि फ्रीव्हील नसलेली सायकल कशी बांधावी?

समजा, घोडेगांवचा एक तरुण आहे. नोकरीसाठीं तो मंचरला जातो आणि सुटीच्या दिवशीं पहाटे डिंभे धरणावरून भीमाशंकराच्या चढाला लागतो. त्याच्याजवळ साधी, सुमारे २० किलो वजनाची सायकल आहे आणि दोन-तीन वर्षांची शिल्लक आहे. ती शिल्लक त्यानें कोठें खर्चावी?

प्रथम त्रैराशिक मांडूं. तरुणाचें वजन ६० किलो धरिलें, तर सायकलीसह ८० किलो वजन तो चढावर नेतो. सायकल ८ किलोची झाली, तर हा भार ६८ वर येतो; म्हणजे चढण्याचे श्रम शेंकडा १५ नीं कमी होतात. हा लाभ थोडा नव्हे. पण ८ किलोची सायकल ७ किलोची केली, तर होणारा लाभ शेंकडा दीडच! आणि बाजारांत नेमका हा शेवटचा किलोच सर्वांत महाग असतो. पहिले १२ किलो काढण्यास विवेक पुरतो. शेवटचा एक किलो काढण्यास थैली लागते. बेतानें खर्च करणाऱ्यानें येथेंच थांबावें. जागतिक सायकल संघटनेनेंहि शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची खालची मर्यादा घातली आहे, हें ध्यानांत ठेवावें.

मग टिटॅनियमच कां? हा धातु १७९१ सालीं इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकास काळ्या वाळूंत आढळला. तशी काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरहि आहे, आणि केरळांतील चवरा येथें तसल्याच वाळूपासून हा धातु काढण्याचा कारखाना २०११ सालीं सुरू झाला. वाळू स्वस्त, धातु मात्र महाग, कारण प्राणवायूशीं जडलेली त्याची मैत्री तोडणें अत्यंत कष्टाचें आहे. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड, तर टिटॅनियम साडेचारपट. मात्र त्याचा ताठपणा पोलादाच्या सुमारें निम्माच असतो. म्हणून त्याच्या नळ्या जाड पत्र्याच्या नव्हे, तर रुंद व्यासाच्या घेतात. पातळ नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा ताठपणा आठपट होतो. पत्रा दुप्पट जाड केला, तर केवळ दुप्पट. येथेंहि खोडदचाच धडा आहे. इंग्लंडांत आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें १८९७ सालीं टोंकांना जाड आणि मध्यें पातळ अशा पोलादी नळ्या काढिल्या, त्याहि याच न्यायानें. कारण ताण सांध्यापाशीं असतो, मध्यें नसतो.

खरें सांगावयाचें, तर चांगल्या पोलादी सांगाड्यापेक्षां टिटॅनियमचा सांगाडा पाउण किलोनेंहि क्वचितच हलका भरतो. तेवढ्यासाठींच पैसे मोजणें शहाणपणाचें नाहीं. खरा लाभ दुसराच आहे. सह्याद्रीच्या कुशींत चार महिने पाऊस कोसळतो. पोलादी नळी आंतून गंजते आणि मालकास तें कळतहि नाहीं. टिटॅनियमला गंज चढत नाहीं, म्हणून रंग लागत नाहीं, आणि रंगाचें वजन व खर्च दोन्ही वांचतात. नीट जोडलेला असा सांगाडा बापाकडून मुलाकडे जाऊं शकतो.

पण ‘नीट जोडलेला’ या दोन शब्दांतच सारी मेख आहे. तापलेलें टिटॅनियम हवेंतील प्राणवायु व नत्रवायु अधाशासारखें पितें आणि कांचेसारखें ठिसूळ होतें. म्हणून जोडकाम करतांना सांध्याच्या बाहेर आणि नळीच्या आंतहि आर्गॉन वायु खेळवावा लागतो. नांगराचा फाळ उत्तम जोडून देणारा कारागीर असला, तरी साध्या दुकानांत हें काम करवूं नये. जोड रुपेरी असला तर उत्तम, गवती पिवळा असला तर चालेल. निळा दिसला तर शंका घ्यावी, आणि करडा किंवा पांढुरका भुकटीसारखा दिसला, तर तो सांगाडा परत करावा. उतारावर सांधा सुटला, तर तेथें दुरुस्तीची संधि नसते.

तेव्हां तरुणानें सांगाडा मापानें करवून घ्यावा. पायाची आंतली उंची, धडाची व हातांची लांबी घरींच मोजतां येते. हल्लीं वापरांत असलेल्या सायकलीवर सीट व हँडल कोठें सोईचें वाटतें, तेंहि टिपावें. त्यावरून नकाशा करून जाणत्याकडून तपासून घ्यावा. चीनमधील बाओजी हें शहर या धातूच्या उद्योगासाठीं प्रसिद्ध आहे, आणि त्या देशांतील लहान कारखाने ग्राहकाच्या नकाशावरहुकूम एकेक सांगाडा करून देतात. अमेरिकेंतील कारागिरांपेक्षां तेथें खर्च पुष्कळ कमी येतो. जकात व वाहतूक आधींच हिशेबांत धरावी, म्हणजे मागाहून कर्ज काढण्याची पाळी येत नाहीं.

आतां फ्रीव्हीलचा प्रश्न. नेहमींच्या सायकलीला पाय थांबविले तरी मागचें चाक फिरत राहातें. या सायकलीचें मागचें दांतेरी चक्र हबावर घट्ट आवळलेलें असतें. चाक फिरलें कीं पायडल फिरलेंच पाहिजे. दांत्यांची अनेक चक्रें, तीं बदलणाऱ्या कळा, त्यांच्या तारा, कांहींच लागत नाहीं. वजन घटतें, खर्च घटतो, आणि नादुरुस्त होण्याजोगा भागच राहात नाहीं. न गंजणारा सांगाडा आणि जुनी न होणारी ही रचना यांची जोडी म्हणूनच जमते.

दांत्यांची निवड मात्र विचारानें करावी. पुढें ४३ आणि मागें १८ दांते घेतले, तर पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें ५ मीटर जाते. आंबेगांवच्या चढाला हें मान सोसवतें. पुढें ४२ कां नकोत? ४२ व १८ यांना ६ नें भाग जाऊन ७ व ३ उरतात. एकच पाय पुढें ठेवून मागचें चाक अडविण्याची संवय असणाऱ्याचा टायर मग तीनच जागीं घासतो. ४३ व १८ यांना सामाईक भाजक नाहीं, म्हणून तीच झीज अठरा जागीं वांटली जाते. शाळेंतील अपूर्णांकांचें गणित असें टायराचे पैसे वांचवितें!

उरलेल्या भागांत जुनें काय घ्यावें आणि नवें काय? क्रँक, हब, सीटची दांडी हे भाग जुन्या बाजारांतून पारखून घेतले तरी चालतात. हँडल व चिमटा मात्र नवेच घ्यावे. ॲल्युमिनियमच्या हँडलाची बारीक चीर किंवा कार्बनच्या चिमट्याची आंतली इजा डोळ्यांना दिसत नाहीं. चाकें स्वतः विणण्यास शिकावें. ३२ तारा, तीन फुल्यांची वीण आणि सारखा ताण एवढें साधलें, कीं हलकी रिमहि वर्षानुवर्षें सरळ राहाते. टिटॅनियमच्या आट्यांत कोणताहि भाग बसवितांना तांब्याचें वंगण लावण्यास विसरूं नये. नाहीं तर दोन धातु एकमेकांना असे धरतात, कीं पाना मोडेल पण आटा सुटणार नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हलकेपणाच्या नादांत कांहीं हौशी स्वार ब्रेकच काढून टाकतात. पायांनीं चाक अडवितां येतें, असें ते म्हणतात. सपाट शर्यतमार्गावर तें शोभेल. पण भीमाशंकराहून घोडेगांवाकडे उतरणाऱ्यानें किंवा जुन्नर-ओतूरकडून माळशेज घाट उतरणाऱ्यानें हिशेब करून पाहावा. फेऱ्याला ५ मीटर, आणि वेग ताशीं ४० किलोमीटर. म्हणजे मिनिटाला सुमारें १३३ वेळां पाय फिरलेच पाहिजेत. ते थकले तरी चाक थांबत नाहीं. वळणावर उसाची गाडी किंवा एस. टी. समोर आली, तर थकलेले पाय काय करणार? थांबतांना सारा भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून खरें थांबविण्याचें सामर्थ्य पुढच्या ब्रेकांतच आहे. ब्रेकाचें वजन पेलाभर पाण्याहून अधिक नसतें. पुढचा ब्रेक हवाच, आणि घाटांत मागचाहि असावा.

आणि हा निर्णय मागाहून घेतां येत नाहीं. ब्रेक बसविण्याची जागा सांगाड्याच्या मूळ नकाशांतच दाखवावी लागते. कारण टिटॅनियमवर गांवांत नवा जोड घालतां येत नाहीं, हें आपण पाहिलेंच. ज्या मायबापांच्या मुलांस असा छंद लागला असेल, त्यांनीं पैशाचा हिशेब विचारण्यापूर्वीं तो नकाशा मागवून ब्रेकाची जागा कोठें आहे तें पाहावें.

खोडदच्या ताटलीवरून पत्रा काढिला, पण तिला तोलणारा एकहि दोर काढिला नाहीं. जें वाऱ्याला अडवीत होतें तें गेलें. जें ताटलीला सांवरीत होतें तें राहिलें. घोडेगांवच्या तरुणानें आपली सायकल बांधतांना एवढा भेद ओळखला, तर त्याची शिल्लकहि वांचेल आणि तो स्वतःहि घाट उतरून सुखरूप घरीं येईल.