कर्ज ‘पास’ झालं म्हणजे काय?

आज आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका इंग्रजी क्रियापदाविषयी बोलू या: पास. मूळ अर्थ पुढे जाणं, पार होणं. पोरगी दहावी पास होते, बैठकीत ठराव पास होतो. आपण तर त्याला ‘ना’ जोडून ‘नापास’ही करून टाकलं! बँक आणि खातेदार यांच्यात ये-जा करणारी वही, म्हणून पासबुक.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. गटांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, आणि घोटाळा होतो तो इथेच. अकलूजच्या आमच्या एका गटात आम्ही सांगितलं, “कर्ज पास झालं.” एका ताईंनी त्याच दिवशी हातउसने घेऊन शेळ्यांचा इसार दिला. पैसे आले दीड महिन्यानं. तोवर शेळ्या दुसऱ्यानं नेल्या, इसार बुडाला. चूक आमचीच. पास म्हणजे नुसतं मंजूर. त्यानंतर करारनामा, सह्या, कागदांची तपासणी असते.

आता बैठकीच्या वहीत आम्ही दोन तारखा लिहितो, मंजुरीची वेगळी आणि जमा झाल्याची वेगळी. तुम्हाला कुणी ‘पास झालं’ म्हणालं, तर लगेच विचारा, “मंजूर झालं, की खात्यावर जमा झालं?” आणि इसार द्यायच्या आधी पासबुक भरून आणा.